ॲस्परॅगस बिगरहंगामी घ्यायचा आहे: शेडनेट पुरेल की वर कागद लागेलच?

दुधना_काठ

जालन्याजवळ १० गुंठ्यांचं शेडनेट आहे, ढोबळी मिरचीच्या बीजोत्पादनासाठी उभारलेलं. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, काळी मध्यम खोल जमीन, विहीर आणि ठिबक तयार. त्यात ॲस्परॅगस (कोवळ्या कोंबांची भाजी) लावायचा आहे. माल दोन वेळेला हवा: पावसाळ्यात आणि डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा उघड्यावरचा माल नसतो किंवा कमी असतो. आहे त्या शेडनेटमध्ये हे जमेल का? रोपं किती, वाफे कसे, पाणी किती, आणि मुख्य म्हणजे कोंब हव्या त्या महिन्यात काढायचे कसे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

काळी_माती

दादा, आधी छपराचं बोलू, कारण सगळं तिथंच अडतं.

थंड देशात ॲस्परॅगसवर छप्पर घालतात ते उबेसाठी. आपल्याकडे ऊब मुबलक आहे. आपल्याला छप्पर हवं ते पाऊस अडवायला. जाळी ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. उलट जाळीतून गळणारे टपोरे थेंब वाफ्यावर आपटतात, माती उडते आणि दांड्याच्या बुडाला चिकटते. त्या मातीत आणि जुन्या काडीकचऱ्यात फोमोप्सिस करप्याची बुरशी असते. आशियातल्या पावसाळी भागात हे पीक बसतं ते याच रोगानं. जपान, तैवान, थायलंडमध्ये म्हणूनच वरून कागद (प्लॅस्टिकचा) आणि बाजूनं मोकळी अशी पाऊसछपरं वापरतात.

दुसरी अडचण सावलीची. कोंब येतो तो मुळांत साठलेल्या साखरेवर, आणि ती साखर तयार करतो वरचा बारीक झुपकेदार पाला. जून ते सप्टेंबर आभाळ असतंच, त्यात ५० टक्के जाळी कायम राहिली तर पाला उंच, लोंबता आणि फिकट होतो, मुळांत काही साठत नाही. पुढच्या काढणीला काडीपेटीच्या काडीएवढे कोंब येतात. लोक खत वाढवत बसतात, पण दुखणं उजेडाचं असतं.

तेव्हा वर २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, चारही बाजू मोकळ्या (हवं तर ४० मेशची कीडजाळी), माथ्याला हवा जायला कायमची फट, आणि सावलीची जाळी फक्त मार्चअखेर ते मेअखेर, तीही सरकती. गटर (छपराच्या कडेची पन्हळ) जमिनीपासून ४ मीटर असावं. बुटक्या सांगाड्यात उन्हाळ्यात गरम हवा पाल्यातच कोंडते.

बालाघाट

वरचं बरोबर, पण शेडनेटच्या सांगाड्यावर थेट कागद ताणू नका. जाळीतून वारा आरपार जातो, कागदाखाली तोच वारा उचल घेतो. वळवाच्या वादळात पाइप जमिनीतून उपटून येतात, कारण पाया जाळीच्या हिशेबानं घातलेला असतो. ज्यानं सांगाडा उभारला त्याच्याकडून पायाची खोली आणि पाइपची जाडी तपासून घ्या, मगच ठरवा. कागद बसवायचाच झाला तर ॲल्युमिनियम प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंगनं, तारेनं बांधून नाही.

कमी खर्चाचा मार्ग: शेडनेटच्या आतच दोन-दोन वाफ्यांवर कमानी. १ इंची जीआय पाइप, दर २ मीटरला एक कमान, रुंदी ३ मीटर, मधली उंची २.२ मीटर. कागद फक्त माथ्यावर, दोन्ही बाजू जमिनीपासून १ मीटर उघड्या. दोन कमानींच्या मध्ये चर काढून पाणी बाहेर न्यायचं. आणि जून ते ऑक्टोबर वरची जाळी गोळा करून ठेवायची, नाहीतर जाळी अधिक कागद मिळून उजेड निम्म्याच्याही खाली जातो.

मांजरा_काठ

लागवडीपूर्वी एक खबरदारी. बियाणं मागवताना नुसतं “शतावरी” म्हणू नका. आपल्या रानातली शतावरी ही ॲस्परॅगस रेसिमोसस, काटेरी वेल, मुळ्या औषधाला जातात. भाजीचा तो ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. वंश एक, पीक वेगळं. उष्ण भागासाठी यूसी १५७ ही कॅलिफोर्नियात तयार झालेली जात जगभर चालते. तिच्यात नर-मादी दोन्ही झाडं निघतात. मादीला लाल फळं धरतात, ती वाफ्यात गळली की जागोजाग रोपं उगवतात आणि तणासारखी डोक्याला ताप होतात. फळं हिरवी असतानाच खुडून टाका. फक्त नर झाडांच्या संकरित जाती मिळतात, बी महाग पडतं.

बी कोमट पाण्यात २४ तास भिजवून, पाणी एकदोनदा बदलून, खोल कपाच्या ट्रेमध्ये कोकोपीटवर १ ते दीड सेंमी खोल. २५ ते ३० अंशांत दोन ते तीन आठवड्यांत उगवतं. आठ दिवसांत दिसलं नाही म्हणून ट्रे उलटे करू नका. ऑगस्टमध्ये पेरलं की १० ते १२ आठवड्यांची रोपं नोव्हेंबरात लावणीला येतात, थंडीत रोप न कोमेजता बसतं.

काळी_माती

वाफ्यांचा हिशेब देतो. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. दोन वाफ्यांच्या मध्यरेषांत १.५ मीटर ठेवलं आणि कडेच्या वाटा सोडल्या तर ३० मीटरचे २० वाफे बसतात, एकूण ६०० मीटर. दोन रोपांत ३५ सेंमी धरलं तर सुमारे १७०० रोपं. नांग्या आणि मर धरून २३०० बिया पेरा, ग्रॅमला अंदाजे ५० बिया भरतात, म्हणजे ५० ग्रॅम बी बास झालं.

खरी मेहनत वाफ्याची. हे पीक आठ-दहा वर्षं एकाच जागी राहणार, नंतर खालची माती सुधारता येत नाही. काळी माती ओली झाली की फुगते, हवा बंद. वाळली की भेगा पडून मुळ्या तुटतात. तुटलेल्या मुळीतून फ्युझॅरियमची मर शिरते, चिबडात फायटोफ्थोरा गड्डा (जमिनीतला मुळ्या-डोळ्यांचा गठ्ठा) कुजवतो. म्हणून वाफा ४० सेंमी उंच, सरासरी ८० सेंमी रुंद. ६०० मीटरला माती लागते १९२ घनमीटर, म्हणजे ६८ ब्रास. त्यातली एक तृतीयांश, २२-२३ ब्रास, मुरमाड लाल माती बाहेरून आणा, बाकी आपलीच वरच्या थरातली. त्यात पूर्ण कुजलेलं शेणखत ४ टन, निंबोळी पेंड १०० किलो, शेणखतात आठवडाभर मुरवलेला ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी). कच्चं शेणखत टाकलंत तर हुमणी आलीच समजा. आधी आल्याचं पीक सडून गेलेली जागा मात्र टाळा.

वाफ्याच्या मधोमध १५ सेंमी खोल सरी, रोप तळाशी लावायचं, वर फक्त ३-४ सेंमी माती. दांडे वर येतील तशी दोन-अडीच महिन्यांत सरी भरत जायची. एकदम भरली तर कोवळे कोंब गुदमरतात. सरी भरलीच नाही तर गड्डा वर्षागणिक उघडा पडत वर येतो आणि कोंब वाकडे, चपटे निघतात.

वाफसा

पाण्याचं मी सांगतो. एका वाफ्यावर दोन लॅटरल, ४० सेंमीवर ताशी २ लिटरचे ड्रिपर. एकूण १२०० मीटर नळी, ३००० ड्रिपर, तासाला ६००० लिटर. हिवाळ्यात दिवसाला ३ ते ४ मिमी, म्हणजे ३००० ते ४००० लिटर, ३० ते ४० मिनिटं. उन्हाळ्यात ६ मिमीपर्यंत, एक तास, सकाळ-संध्याकाळ विभागून. वर्षाची सरासरी साडेचार मिमी धरली तर १६ लाख लिटरच्या पुढे जातं.

आता छपराकडे बघा. १००० चौरस मीटर कागदावर ७०० मिमी पाऊस पडला तर ७ लाख लिटर पाणी होतं. गटर आणि पाइप नीट असतील तर त्यातलं साडेपाच-सहा लाख शेततळ्यात जातं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात २१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर मावतं. मराठवाड्यात पाण्याच्या बाजूनं हे पीक बसवायचं तर गटर आणि शेततळं जोडूनच आराखडा करा, गटरचं पाणी वाटेवर सोडून देऊ नका. बाष्पीभवनात बरंच उडतं ते वेगळं.

खाऱ्या पाण्याची भीती इतर भाज्यांपेक्षा कमी. मोठं झालेलं झाड मातीच्या अर्काची ईसी (क्षारांचं माप, डेसीसायमन प्रति मीटर) ४ च्या आसपास असेपर्यंत उत्पन्न घटू देत नाही. रोपावस्थेत मात्र नाजूक असतं, पहिले चार महिने पावसाचं साठवलेलं गोड पाणी द्या. बोअरच्या जड पाण्यानं ड्रिपर चुन्यानं बंद होतात, ठरावीक काळानं आम्लप्रक्रिया करावीच लागते.

दुधना_काठ

हे सगळं समजलं, आभार. आता मूळ प्रश्न. हवा त्या महिन्यात कोंब कसा काढायचा? जपानमध्ये गड्डे उपटून गरम वाफ्यात दाटीनं ठेवतात आणि हिवाळ्यात कोंब घेतात असं वाचलं. ती पद्धत इथं चालेल का?

बालाघाट

ती पद्धत थंडीवर उभी आहे. तिथं एका हंगामात वाढवलेले गड्डे शरद ऋतूत पुरेशी थंडी खाल्ल्यावर उपटतात, हरितगृहात विजेच्या तारांनी उबवलेल्या वाफ्यात एकमेकांना चिकटून मांडतात, कोंब संपले की गड्डा टाकून देतात. झोप मोडायला ५ अंशांच्या आसपासची थंडी बराच काळ लागते. परभणीत एखाददुसऱ्या रात्री पारा तिथवर जातो, पण तेवढ्यानं भागत नाही. शीतगृहात गड्डे ठेवणं, दरवर्षी नवीन रोपं वाढवणं, हा खर्च आपल्याला पेलणारा नाही.

आपल्याकडे पूर्ण झोप लागतच नाही, म्हणून झोप पाण्यानं आणायची. पेरू देशाच्या किनारी वाळवंटात हेच करतात: पाणी तोडायचं, पाला पिवळा पडू द्यायचा, कापायचा, परत पाणी सोडायचं. डिसेंबरच्या मालासाठी हाच मार्ग. पाला पिवळा पडताना त्यातली साखर खाली मुळांत उतरते.

मांजरा_काठ

बालाघाट भाऊ, पाणी तोडण्याला माझी हरकत आहे. काळ्या जमिनीत मुळी दीड मीटर खाली जाते आणि तिथली ओल महिनाभर संपत नाही. वरून पिवळं, खालून ओलं, असं अर्धवट ताणलेलं झाड ना झोपतं ना फुटतं. त्यापेक्षा थायलंड-तैवानची आईदांड्याची पद्धत सोपी: दर गड्ड्याला चार-पाच जाड दांडे वाढू द्यायचे, ते पाला धरून साखर करत राहतात, आणि त्यांच्या भोवतीनं येणारे कोंब कापत राहायचं. दोन ते अडीच महिने काढणी, मग महिनाभर विश्रांती आणि दांडे बदल. झाडाला उपाशी ठेवावं लागत नाही.

बालाघाट

ताई, ओलीचं बरोबर आहे. म्हणूनच ताण तीन आठवड्यांचा नाही, चार ते पाच आठवड्यांचा धरावा लागतो, आणि छपराखालीच तो साधतो. नोव्हेंबरात अवकाळीची एक सर आली की उघड्यावरचा ताण मोडलाच. कडेच्या वाटेवरून पाणी झिरपू नये म्हणून बाहेरून २ फूट खोल चरही हवा. पण आईदांड्यावर जानेवारीत माल किती येईल सांगा? रात्री १०-१२ अंश असताना वरचे दांडे धरून बसलेलं झाड कोंब फार थोडे सोडतं.

काळी_माती

दोघांचंही खरं आहे, महिने वेगळे आहेत. पावसाळ्याला आईदांडे, थंडीला ताण. मात्र एकाच गड्ड्याकडून दोन्ही हंगाम मागू नका, दुसऱ्या वर्षी झाड रिकामं होतं. शेडनेटचे दोन भाग करा, १०-१० वाफे, व्हॉल्व्ह वेगळे.

पहिला भाग, पावसाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये काढणी नाही. मेच्या सुरुवातीला जुने दांडे काढून नवे आईदांडे धरायचे: १० ते १४ मिमी जाड, सरळ, एकमेकांपासून वीतभर लांब, गड्ड्याला चार, फार तर पाच. बोटाएवढा दांडा बघून मोह होतो, पण अतिजाड दांडा ठेवू नका, तो नुसता बोजा होतो. ६० आणि १२० सेंमीवर दोरीचे दोन पदर, शेंडा १.३ ते १.५ मीटरवर खुडायचा, बुडाच्या ४० सेंमीपर्यंतच्या फांद्या काढायच्या म्हणजे वारा खेळतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत काढणी. मग पूर्ण थांबायचं. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन हे साखर भरण्याचं सर्वांत चांगलं ऊन, ते वाया घालवू नका.

दुसरा भाग, थंडीचा. फेब्रुवारीत फुटलेले सगळे दांडे वाढू द्यायचे, उन्हाळा-पावसाळा हात लावायचा नाही, फक्त रोग-किडीकडे लक्ष. साधारण १० नोव्हेंबरला पाणी बंद. १५ डिसेंबरच्या सुमारास पिवळा पाला जमिनीलगत कापून शेडनेटबाहेर नेऊन जाळायचा, वाफ्यात कुजवायचा नाही. मग दोन दिवस पोटभर पाणी. वाफ्यावर पारदर्शक कागद पसरून ठेवायचा, पहिली टोकं दिसली की काढायचा. बाजूचे पडदे संध्याकाळी ५ ला खाली, सकाळी ९ ला वर. १५ सेंमी खोलीवर तापमापक खोचून ठेवा. माती १५ अंशांच्या खाली गेली तर कोंब जागच्या जागी बसतो. पहिली काढणी १० ते १५ दिवसांत, जानेवारीअखेर बंद.

लावणीनंतर पहिलं वर्ष पूर्ण पाल्याचं. दुसऱ्या वर्षी दोन-तीन आठवडे हलकी काढणी. तिसऱ्या वर्षी झाडामागे पाव ते अर्धा किलोच धरून हिशेब मांडा, जास्त आला तर तुमचा.

वाफसा

खत थोडक्यात: १० गुंठ्याला वर्षाला नत्र १५ ते २० किलो, स्फुरद ८ ते १०, पालाश १५ ते २०, सगळं पाला वाढण्याच्या काळात ठिबकातून हप्त्यांनी. काढणीच्या मध्यात नत्र दिल्यानं त्या काढणीचे कोंब जाड होत नाहीत. चुनखडीच्या जमिनीत शेंड्याचा पाला पिवळसर पडला तर आधी लोह-जस्त बघा.

मांजरा_काठ

करपा ओळखायचा कसा ते लिहिते, कारण उशिरा कळलं तर दांडा जातोच. जमिनीपासून वीतभर उंचीवर दांड्याला हात फिरवा. सुरुवातीला पाण्यात भिजल्यासारखा लांबट डाग दिसतो, तांदळाच्या दाण्याएवढा. चार-पाच दिवसांत तो तपकिरी, मध्ये राखाडी, आणि राखाडी भागात सुईच्या टोकानं टोचल्यासारखे काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे बीजाणूंची कोठारं, एक थेंब पडला की पुढच्या दांड्यावर. डाग दांड्याला वेढा घालतो तेव्हा वरचा सगळा पाला एकदम वाळतो आणि लोकांना वाटतं मर लागली. मर असेल तर मुळी चिरल्यावर आतून लालसर तपकिरी दिसते, करप्यात मुळी पांढरी असते.

दांडा जमिनीबाहेर आल्यापासून पाला उलगडेपर्यंतचे पहिले ३०-३५ दिवस सर्वांत धोक्याचे. आईदांडे धरल्यावर या काळात १ टक्का बोर्डो बुडापासून नीट बसवा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, त्याच दिवशी वापरायचं. ज्या काळात कोंब कापून विकताय, त्या काळात कोंबांवर काहीही फवारू नका. कोंब दोन-तीन दिवसांत तोडला जातो, अंश तसाच जेवणाच्या ताटात जातो. छपराखाली पाऊस नाही म्हणजे करपा कमी, पण फुलकिडे आणि लाल कोळी वाढतात. शेंड्याजवळ खवल्यांत फुलकिडे घुसले की कोंब खरखरीत, वाकडा होतो. निळे चिकट सापळे दाटच लावा.

दुधना_काठ

मे महिन्यात फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे) चालवावेत का? ४२ अंशांत कागदाखाली काय होईल?

वाफसा

कोंब ३२ अंशांच्या पुढे लांब होण्याआधीच शेंडा फोडतो, खवले सुटतात, विक्रीचा राहत नाही. म्हणून मेमध्ये काढणी नकोच, फक्त पाला सांभाळायचा. आपली मेची हवा कोरडी. ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याचा तापमापक २२-२३ दाखवतो, म्हणजे फॉगरनं गारवा मिळायला वाव भरपूर. दुपारी ११ ते ४, दर वेळी १०-१५ सेकंद, पाला संध्याकाळी कोरडा असलाच पाहिजे. शेततळ्याचं पाणीच वापरा, बोअरच्या पाण्यानं पाल्यावर पांढरी साय बसते. पाऊस सुरू झाला की फॉगर बंद.

बालाघाट

काढणीचं राहिलं. २२ ते २५ सेंमी, शेंडा घट्ट मिटलेला, सूर्य वर यायच्या आत. पावसाळ्यात कोंब एका दिवसात चार-पाच बोटं वाढतो, सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या लागतात. सुरी तिरपी खुपसू नका, शेजारचा न दिसणारा डोळा कापला जातो. जमिनीलगत आडवा काप. एका बाजूनं जखम झालेला कोंब त्याच बाजूला वाकतो, म्हणून वाकडे कोंब वाढले तर आधी मजुराची सुरी आणि दोरीची जागा बघा, मग औषध.

कापल्यावर कोंब जिवंतच असतो, साखर जाळत राहतो आणि बुडाकडून धागे धरत जातो. तासाभरात गार पाण्यात, मग २ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता. क्रेटमध्ये उभेच ठेवा, बुडाशी ओलं फडकं. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात आणि हॉटेलवाला परत करतो. पुणे, मुंबई, लातूरकडून हैदराबाद, जिकडे जायचं तिकडचा घेणारा, त्याची जाडीची प्रतवारी आणि वार लावणीआधी पक्के करा. शीतसाखळीशिवाय हा माल ३५ अंशांत संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. पांढऱ्या कोंबाची मागणी आली तरी सुरुवातीला नको, काळ्या कागदाखाली आपल्याकडे वाफा शिजतो.

दुधना_काठ

शेवटचं. काढणी कोणत्या दिवशी थांबवायची याची खूण काय? कोंब बारीक झाल्यावर थांबायचं म्हणतात.

काळी_माती

बारीक झाल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, द्राक्षवाले गोडी बघायला वापरतात तोच, ० ते ३२ ब्रिक्सचा. सकाळी पाणी सोडण्याआधी, वाफ्याच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा झाडांजवळ बाजूनं माती उकरा. पेन्सिलीएवढी जाड, पांढरट, भरलेली साठवणमुळी घ्या, गड्ड्यापासून थोडी दूरची, १० सेंमीचा तुकडा. धुवा, कापडानं पुसून पूर्ण कोरडी करा, नाहीतर पाण्यानं आकडा पडतो. लसूण ठेचायच्या दाबणीत दाबून दोन थेंब काचेवर. दहांची सरासरी वहीत, तारखेसह. उकरलेली माती परत दाबायला विसरू नका.

पाला भरून झाल्यावर, पाणी तोडण्याआधी, आकडा १८ ते २० च्या वर हवा. नसेल तर त्या वर्षी डिसेंबरची काढणी तीन आठवड्यांवर आणा. काढणीत दर आठवड्याला बघा, १२ च्या खाली उतरला की त्याच दिवशी सुरी बंद आणि पुढचे सगळे कोंब पाल्याला सोडा. हे आकडे जातीगणिक थोडे पुढेमागे होतात, म्हणून पहिल्या दोन वर्षांची वही जपून ठेवा, दोन्ही भागांची वेगळी.